व्हिएतनाम बंद आहे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शामराव इंगोले यांचं नाव सांगतो. आणि याच इंगोले काकाजींनी गेल्या दिवाळीच्या तोंडावर व्हिएतनाम देश बंद केला.

बंद केला तो खडूनं. दिग्रसच्या बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. ओसरीच्या भिंतीवर एक काळा फळा टांगलेला आहे. त्यावर पांढऱ्या रंगानं कायमचं लिहिलेलं आहे, ‘आजची वाहतूक स्थिती’. त्याखाली रोज सकाळी नऊ वाजता काकाजी जगातल्या देशांची नावं लिहितात आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द लिहितात. चालू, उशिरा किंवा बंद. जपान माझ्या आठवणीत कधी चालू झालेला नाही. अमेरिका बहुतेक वेळा उशिरा असते. एकदा ऑस्ट्रेलियापुढे ‘वणवा, पर्यायी मार्गाने जावे’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. पर्यायी मार्ग कोणता, ते लिहिलं नव्हतं.

काकाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे बसून जो माणूस गाड्यांच्या नोंदी करतो आणि माइकवरून ओरडतो, तो. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण दिग्रसच्या लोकांना अजून त्यांचा आवाज पाठ आहे. माइकसमोर ते शुद्ध बोलत. ‘दिग्रसहून पुसदकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी.’ बटण बंद केलं की तोच माणूस शेजारच्या शिपायाला म्हणे, “काहून बे, चहा नाही आनला अजून?” कधीकधी बटण बंद करायला उशीर होई आणि चहाची चौकशीही सगळ्या फलाटांवर ऐकू जाई.

नोकरीत त्यांचा एकच धर्म होता. पुलावर पाणी असेल तर गाडी सोडायची नाही. आमच्या भागातले नाले पावसाळ्यात तासाभरात चढतात आणि तासाभरात उतरतात. काकाजी तो तास चुकू देत नसत. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी त्यांनी अडवून धरली. नवरदेव मुंडावळ्यांसकट खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, मुहूर्त चालला हो!” काकाजी म्हणाले, “नवरदेव, पुलावर पानी हाय. लग्न उद्या बी लागते. पूल उद्या बी राहते. तुमी तेवढे आज राहा.”

मग त्यांनी एका माणसाला सायकलवर पुलाकडे पाठवलं. ही त्यांची पद्धत होती. वाटेत भेटलेल्या लोकांचं ऐकून ते निर्णय घेत नसत. पाठवताना बजावत, “पाहून ये. ऐकून नको येऊ.” माणूस पाहून आला, पाणी उतरलं होतं, गाडी सुटली, लग्न लागलं. वऱ्हाडी म्हणाले, पाहा, काही झालं नाही. काकाजी म्हणाले, “गाडी सोडली नोती म्हनून काही झालं नाही.” या बोलण्याला उत्तर नाही. मी तर्कशास्त्र शिकलो आहे, तरी मला ते अजून सापडलेलं नाही.

माझ्यावरचे उपकार याच खिडकीतले आहेत.

आमचा तांडा दिग्रसपासून पाच किलोमीटर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत, असं याडी, म्हणजे माझी आई, सांगते. पण माझ्या लहानपणापर्यंत हे फिरणं ऊसतोडीपुरतं उरलं होतं. बारावीनंतर मला पुसदच्या कॉलेजात नाव घालायचं होतं. बसचा सवलतीचा पास हवा होता. पासच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती, आणि बापू तर याडीसोबत उसाच्या फडात, तीनशे-चारशे किलोमीटरवर. मी फॉर्म घेऊन खिडकीशी दोन दिवस नुसता उभा राहत होतो. तिसऱ्या दिवशी काकाजींनी जाळीतून हात बाहेर काढला आणि म्हणाले, “आन इकडं.”

पालक या रकान्यात त्यांनी सही केली. पुढे ‘नाते’ असा रकाना होता. तिथं ते क्षणभर थांबले. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग त्यांनी गोल अक्षरात लिहिलं, ‘प्रवासी’.

पास मिळाला. पुढची पाच वर्षं दर वेळी त्यांनीच सही केली आणि दर वेळी नातं तेच लिहिलं. बी.ए. झालो, एम.ए. झालो. आमच्या घरात सहीच्या जागी अंगठा न उठवणारा मी पहिला. आज मी पुसदला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, दिग्रसला राहतो आणि अजून एसटीनंच जातो. रोज सकाळी बसस्थानकाकडे जाताना वाटेत काकाजींचा फळा लागतो. जगाची स्थिती वाचल्याशिवाय मी पुसदला गेलेलो नाही.

निवृत्तीनंतर खिडकी गेली, माइक गेला. काकू गेल्या त्यालाही चार वर्षं झाली. एकुलती मुलगी रेखाताई लग्न होऊन जर्मनीला. घरात उरला टीव्ही. काकाजी सकाळी सहाला बातम्या लावतात आणि समोर वही घेऊन बसतात. त्यांची मोजमापं ठरलेली आहेत. बातमी सांगणारा बसून बोलला तर चालू. उभा राहून बोलला तर उशिरा. चालत चालत, हात फेकत, ओरडत आला आणि मागे ढोल वाजले, तर बंद.

“एवढा ओरडून राह्यला म्हनजे काही तरी असनच ना,” ते म्हणतात. “फुकट कोन घसा फाडते?”

त्यांच्या घरासमोर हमीदभाईंचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हमीदभाई त्यांचे तीस वर्षांचे शेजारी आणि तीस वर्षांचे विरोधक. उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं तेव्हा हमीदभाई हातातला पाना तसाच घेऊन ओसरीत आले.

“काकाजी, मक्केची गाडी लागली का फलाटावर?”

“उष्णतेची लाट हाय तिकडं. काल दाखवलं. लाल नकाशा होता सारा.”

“अहो, आपल्या यवतमाळचा नकाशा मे महिन्यात कोन्या रंगाचा राहते? हिरवा?”

काकाजींनी फळ्यावर ‘चालू’ लिहिलं, पण खाली बारीक अक्षरात ‘पाणी सोबत ठेवावे’ अशी सूचना जोडली. हमीदभाई परत आले ते शिंकत. “काकाजी, गरमीनं नाही, एसीनं मेलो असतो. दोन ब्लँकेट घेऊन झोपत होतो!” काकाजींनी शांतपणे वही उघडली आणि सौदी अरेबियाच्या पानावर लिहिलं, ‘थंडी’.

गावातली बाहेरदेशी जाणारी माणसं फळ्याला हसतात, पण वाचून जातात. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या घरचे सिंगापूरला निघाले तेव्हा आजीबाईंनी दोनदा गाडी थांबवून ‘चालू’ लिहिलंय ना, ते पाहून घेतलं होतं.

माझी बायको वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी कुठं तरी लांब जायचं ठरवलं. अमरावतीच्या एका सहल कंपनीसोबत व्हिएतनाम ठरलं. आमच्या तांड्यातून विमानात बसणारा मी पहिलाच. याडीला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “तिथं ऊस आहे का?” मी म्हटलं, असेल. तिला हायसं वाटलं. निदान काम मिळेल.

काकाजींना सांगायला मी पेढे घेऊन गेलो. ते टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर पूर होता, लाल बाण होते, ढोल होते. कोपऱ्यात नाव होतं, व्हिएतनाम.

मी तोंड उघडण्याआधीच ते उठले, फळ्याशी गेले आणि लिहिलं, ‘व्हिएतनाम — बंद’.

“काकाजी, आम्ही तिथंच चाललो.”

“कोन सोडते तुले?”

“तिकिटं काढली.”

“नवरदेवानं बी मुंडावळ्या बांधल्या होत्या.” ते परत खुर्चीत बसले. “पुलावर पानी हाय, प्रकाश. सतरा मोटरसायकली वाहून गेल्या सकाळपासून.”

त्यांनी वही पुढे केली. चार उभ्या रेघा, एक आडवी, पुन्हा चार उभ्या, एक आडवी. स्थानकावर ते गाड्यांच्या फेऱ्या जशा मोजत, तशाच. एकूण सतरा. मी पडद्याकडे पाहत बसलो. एक मोटरसायकल वाहत आली. तिच्यावर निळा रेनकोट घातलेला माणूस होता. तो खांबाला धरून उभा राहिला, गाडी सुटून गेली. मग ओरडणारा माणूस आला. मग पुन्हा एक मोटरसायकल, निळा रेनकोट, खांब. काकाजींनी अठरावी रेघ मारली.

“काकाजी, ही एकच मोटरसायकल हाय.”

“एकच गाडी अठरा फेऱ्या कशी मारन?”

“टीव्हीवर मारते. तेच ते दाखवून राह्यले. रेनकोट पाहा ना. खांब पाहा.”

ते चष्मा पुसून पुढे सरकले. एकोणिसावी आली. निळा रेनकोट. खांब. विसावी आली. काकाजींचा पेन वहीवर टेकलेला होता, पण रेघ उठली नाही. मग मी माझ्या मोबाईलवर नकाशा काढला. पूर जिथं होता ते गाव आणि आम्ही जाणार होतो ते हनोई शहर यांत शेकडो किलोमीटरचं अंतर होतं. मी म्हटलं, “हे म्हणजे नागपुरात पाऊस पडला म्हणून मुंबईची गाडी थांबवल्यासारखं झालं.” आणि मग, शिकवायची सवय नडली म्हणा, मी पुढचंही बोललो. “तुम्ही तर पूल पाहून यायला मानूस धाडत होते, काकाजी. ऐकून कधी गाडी थांबवली नाही तुम्ही. आता कोन पाहून येते?”

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी टीव्ही बंद केला. तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पेढ्याचा डबा उघडलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा कोरा होता. तिसऱ्या दिवशीही. हमीदभाईंनी मला रस्त्यात अडवलं. “सर, जग संपलं का हो? फळ्यावर एक बी देश नाही. सकाळी उठून मी भांडू कोनाशी?”

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं काकाजींना भेटायला गेलो. खरं सांगायचं तर मला त्यांची परवानगी हवी होती. त्यांनी थांब म्हटलं असतं तर मी थांबलो असतो का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण ज्या माणसाच्या सहीनं मी पहिल्यांदा दिग्रसच्या बाहेर गेलो, त्यानं बंद ठेवलेल्या रस्त्यावरून जायला पाय उचलत नव्हता.

काकाजी ओसरीत नव्हते. आतून आवाज आला, “या, मागच्या खोलीत या.”

ही खोली काकूंची होती आणि काकू गेल्यापासून कुलपात होती. आता भिंतींना नवा रंग होता. खिडक्यांना डासांची जाळी होती. कोपऱ्यात एक छोटा पलंग होता, लहान मुलाच्या मापाचा. पलंगाच्या उशाशी एसटीच्या काचेत लावतात तशी पत्र्याची पाटी होती. काळ्यावर पिवळ्या अक्षरांत, काकाजींच्याच गोल वळणात लिहिलेलं होतं, ‘जर्मनी – दिग्रस, मार्गे मुंबई, नागपूर’.

“रेखाताई येऊन राह्यल्या का?” वैशालीनं विचारलं.

“येनार होती. डिसेंबरात. पोट्ट्याले घेऊन. सहा वर्षांचा झाला, मी अजून हात नाही लावला त्याले.” काकाजी पलंगावर बसले. तो त्यांच्या वजनानं करकरला. “रद्द केलं.”

“काहून?”

“वाघ.”

मला समजलं नाही. आमच्या जिल्ह्यात वाघ आहेत, पण ते तिकडं पांढरकवड्याच्या जंगलात, दिग्रसहून शंभरावर किलोमीटर. दिग्रसच्या माणसानं वाघ पाहिला असेल तर मिरवणुकीतला, रंग लावलेला.

काकाजींनी मोबाईल माझ्या हातात दिला. व्हिडिओ होता. ‘यवतमाळ जिल्ह्यात वाघांचा धुमाकूळ’ अशी मोठी लाल अक्षरं, ढोल, आणि रस्ता ओलांडणारा वाघ. पुन्हा वाघ. पुन्हा वाघ.

“जवाई पुन्याचे. त्यायच्यासाठी पुन्याच्या पुढं सारं परदेशच. त्यायनं पाच वाघ मोजले. म्हने, लेकराले घेऊन अशा ठिकानी सुट्टीले नाही जायचं. रेखानं मले फोन केला, बाबा, तुम्हीच इकडं या. मी कसा जाऊ? जर्मनी तर मीच बंद ठेवली होती, बर्फ हाय म्हनून.”

ते हसले. आम्हाला हसता येईना.

“तेव्हा मले वाटलं, बरं केलं. पुलावर पानी असलं तर नाहीच यायचं. मीच शिकवलेली पोरगी. पन तू थे मोटरसायकल दाखवली ना, तवा मी हा व्हिडिओ पुन्हा काढला. मोजला.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “एकच वाघ हाय, प्रकाश. शेपटाचा तुटका शेंडा पाहा. पाच फेऱ्या मारून राह्यला. अन् मागं जीप उभी हाय, तिचा नंबर पाहा.”

मी पाहिला. जीपचा नंबर मध्य प्रदेशचा होता. हजारो माणसांनी तो व्हिडिओ पाहिला असेल, पण गाडीचा नंबर वाचणारा वाहतूक नियंत्रकच.

“मग हे ताईंना सांगा ना,” वैशाली म्हणाली. “कोनी पाठवला हा खोटा व्हिडिओ त्यांना?”

काकाजींनी मोबाईल परत घेतला, बंद केला आणि खिशात ठेवला.

“मीच. रोज पाठवतो तिले. जिथं जिथं धोका, तिथं तिथंचा. तिकडचा, इकडचा. ‘सावध राहावे’ म्हनून.” त्यांनी उशाशी लावलेली पाटी सरळ केली. “दुसरं काय पाठवू? रोज फोन करून काय बोलू? जेवली का, झोपली का, किती दिवस इचारू? काही तरी निमित्त लागते ना बोलायले.”

मग ते म्हणाले, “मीच गाडी थांबवली रे. अन् पुलावर पानी नोतं.”

आम्ही उठलो तेव्हा ते ओसरीपर्यंत आले. फळ्याखालचा खडू उचलला आणि कोऱ्या फळ्यावर लिहिलं, ‘व्हिएतनाम — चालू’. मग माइकवरच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाले, “जा. पन मले मोबाईलवर काही पाठवू नको. त्याच्यावरचं आता खरं वाटत नाही मले. हातानं चिठ्ठी लिही. पाहून लिही. ऐकून नको लिहू.”

मी हनोईहून पत्र लिहिलं. हॉटेलवाल्या मुलीला पोस्टाचं तिकीट कुठं मिळतं ते विचारलं, तेव्हा मी वस्तुसंग्रहालयातून आल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. वैशालीनं पत्र टाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवला, म्हणून ते इथं देता येतंय.

आम्ही आठ दिवसांनी सुखरूप परतलो. पत्र आलं आणखी तीन आठवड्यांनी. तोवर काकाजींनी मला पोचलेला धरलंच नाही. मी रोज सकाळी समोर उभा राहत होतो, हमीदभाई ओरडत होते, “काकाजी, मानूस समोर हाय ना हो!” आणि काकाजी म्हणत होते, “नोंद कुठं हाय?”

पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन जर्मनीला पाठवून दिलं. सोबत त्यांनी स्वतःचंही एक पान जोडलं. ते मला दाखवलं नाही. फक्त शेवटची ओळ वाचून दाखवली. ‘वाघ एक, फेऱ्या पाच, गाडी मध्य प्रदेशची. चुकीची नोंद माझी. प्रवाशांनी नोंद घ्यावी.’

जर्मनीहून उत्तर आलेलं नाही. तिकडून पत्र यायला किती दिवस लागतात, ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही. पण फळ्यावर आता जर्मनीची ओळ बदलली आहे. डिसेंबर संपला तरी काकाजींनी ती पुसलेली नाही. ‘जर्मनी – दिग्रस : उशिरा’. बंद नाही. उशिरा.

पत्र असं होतं.

*

तीर्थरूप काकाजींस,

प्रकाश आणि वैशालीचा सा. नमस्कार.

पोचलो. नोंद करावी.

तुम्ही पाहून लिही म्हणालात म्हणून पाहिलेलंच लिहितो. हनोई मोठं शहर आहे. पूर नाही. काल पाऊस आला, आम्ही वीस मिनिटं एका दुकानाच्या छपराखाली उभे राहिलो, मग तो थांबला. दुकानदार बाईनं आम्हाला बसायला दोन बुटकी स्टुलं दिली. आपल्याकडे पाट असतो तेवढी उंची. वैशाली बसली, मला बसून उठता येईना, तेव्हा बाई खूप हसली.

धोका एकच पाहिला, तो रस्ता ओलांडण्याचा. इथं मोटरसायकली इतक्या आहेत की तुमच्या वहीत रेघा मारायला जागा उरणार नाही. आणि या खऱ्याच वेगवेगळ्या आहेत, मी नीट पाहिलं. पहिल्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे होतो. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं वैशालीचा हात धरला आणि आम्हाला घेऊन सरळ गाड्यांत शिरली. थांबायचं नाही, पळायचं नाही, हळू चालत राहायचं. गाड्या आपल्या बाजूनं जातात. मी डोळे मिटले होते. ही एवढी गोष्ट पाहून लिहिलेली नाही, क्षमा असावी.

पलीकडे गेल्यावर बाईनं तिथं उभ्या असलेल्या आमच्या गाईडमार्फत विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर तिला आमची फार काळजी वाटली. तिनं टीव्हीवर पाहिलंय की इंडियात माणसं रेल्वेच्या टपावर बसून जातात. तुम्हीही तसेच जाता का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या दिग्रसला अजून रेल्वेच नाही. आम्ही एसटीत जातो, आणि आमच्याकडे एक साहेब होते, पुलावर पाणी असलं तर ते नवरदेवालाही सोडत नसत. गाईडनं तिला हे कसं सांगितलं कोण जाणे, पण ती म्हणाली, मग तुमचं गाव चांगलं आहे.

काकाजी, रेखाताईंनाही तुम्ही असंच लिहावं असं मला वाटतं. रोज एक पाहिलेली गोष्ट. आज हमीदभाईंशी कशावरून भांडण झालं. कापसाच्या गाड्या आल्या का. कडुलिंबावर किती पोपट बसले. जेवली का, झोपली का, हे विचारलं तरी चालतं. माझी याडी ऊसतोडीहून दर आठवड्याला कुणाच्या तरी फोनवरून तेवढंच विचारायची, आणि मी त्या फोनची वाट पाहायचो. त्याला निमित्त लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. इथं येण्याआधी सहल कंपनीनं एक फॉर्म भरून घेतला. काही झालं तर कोणाला कळवायचं, त्याचं नाव विचारलं होतं. बापूंना फोन उचलता येतो, पण इंग्रजीत कोणी बोललं तर ते घाबरतील, म्हणून मी तुमचं नाव लिहिलं. पुढे ‘नाते’ असा रकाना होता. मी तिथं थोडा थांबलो. तुमच्यासारखंच मलाही खोटं लिहायचं नव्हतं.

मी ‘पालक’ लिहिलं.

आपला,
प्रकाश
(प्रवासी)